कॅन्सरमधून बरी झालेली मुलं आणि आपला वर्ग



कॅन्सरचे उपचार संपवून एखादं मूल शाळेत परत येतं तेव्हा काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. परिपाठाला त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. वर्गशिक्षिका त्याला पुढच्या बाकावर बसवतात. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणतं, "त्याला अभ्यासाचा ताण नको. जगलं-वाचलं हेच खूप. पास करून टाकू." हेतू चांगलाच असतो. पण माझं स्पष्ट मत आहे की या मुलाचं खरं नुकसान ह्या 'पास करून टाकू'पासून सुरू होतं. त्याला दया भरपूर मिळते, शिकवणं मिळत नाही. मग दोन-तीन वर्षं जातात, डोक्यावर केस दाट येतात, आजार सगळे विसरतात, आणि तेच मूल आता 'आळशी', 'लक्ष नसलेलं', 'ढ' ठरतं.

असं का होतं ते कळायला थोडी वैद्यकीय माहिती लागते. फार नाही, शिक्षकाला पुरेल एवढीच.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी औषधाने हा आजार काही काळ मागे हटवता येतो हे दाखवलं. त्याआधी निदान झालं की मूल काही महिन्यांचंच सोबती असे. पुढे अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अडचण ओळखली. औषधं रक्तातला आजार संपवतात, पण मेंदू आणि मज्जारज्जूच्या भोवती लपलेल्या पेशींपर्यंत ती नीट पोचत नाहीत, आणि आजार तिथून उलटतो. म्हणून त्यांनी डोक्याला रेडिएशन द्यायला आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध टोचायला सुरुवात केली. साठचं दशक संपताना जवळपास निम्मी मुलं जगू लागली. आज श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण कमी आहे, पण वाढतं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये, २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं तरी वाचावीत, असं उद्दिष्ट ठेवलं. म्हणजे अशी मुलं आपल्या वर्गात येणार, आणि दरवर्षी जास्त येणार.

पण ज्या उपचारांनी जीव वाचला, त्यांनीच वाढत्या मेंदूला धक्का दिलेला असतो. डॉक्टरांनाही हे ठाऊक आहे, म्हणून ल्युकेमियात डोक्याचं रेडिएशन हळूहळू कमी करत आणलं गेलं. २००९ मध्ये सेंट ज्यूडच्याच डॉक्टरांनी ते पूर्ण वगळूनही मुलं बरी होतात हे दाखवलं. आता बहुतेक ल्युकेमियाच्या मुलांना ते द्यावं लागत नाही, कण्यातली इंजेक्शनं मात्र चालूच आहेत. मेंदूच्या गाठीचं, विशेषतः मेड्युलोब्लास्टोमाचं, तसं नाही. तिथे शस्त्रक्रियेनंतर थोडं मोठं झालेल्या मुलाला डोकं आणि पाठीचा कणा दोन्हींना रेडिएशन आजही लागतं, आणि त्याचे मेंदूवरचे परिणाम जास्त खोल असतात. वय जितकं लहान आणि रेडिएशन जितकं जास्त, तितका धक्का मोठा.

धक्का म्हणजे नेमकं काय? मेंदूतल्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणाऱ्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. ते बालपणी आणि किशोरवयात चढत जातं. उपचारांनी या तंतूंचं नुकसान होतं, आवरण चढायचं काम मंदावतं आणि निरोप हळू पोचतो. मुलाला कळतं सगळं, पण कळायला वेळ लागतो. एका वेळी डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टी कमी मावतात. लक्ष टिकत नाही. कामाची आखणी करणं, एक संपवून दुसरं हाती घेणं जड जातं. गणित सहसा आधी घसरतं, आणि ते साहजिक आहे. हातच्याचा गुणाकार करताना हातचा लक्षात ठेवायचा, पाढा आठवायचा, पुढच्या स्थानाकडे जायचं, हे सगळं एकाच वेळी चालू असतं.

आता शिक्षकांनी आणि पालकांनी नीट लक्षात घ्यावी अशी गोष्ट. या मुलांनी शिकलेलं पुसलं जातं असं बहुतेक वेळा होत नाही. ती नवीन शिकतात, फक्त बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी वेगाने. त्यामुळे परत आल्यावर पहिल्या वर्षी फारसं काही दिसत नाही. "बघा, सगळं नॉर्मल आहे," असं सगळे एकमेकांना सांगतात. अंतर हळूहळू वाढत जातं. पहिली-दुसरीत वीतभर असलेलं अंतर चौथी-पाचवीत हातभर होतं, कारण तोपर्यंत धडे लांबतात, शाब्दिक उदाहरणं येतात, फळ्यावरचं भराभर उतरवावं लागतं. तेव्हा आजार संपून तीन-चार वर्षं झालेली असतात, आणि या दोन गोष्टींचा संबंध जोडायला कुणालाच सुचत नाही.

डोक्याबाहेरच्या दोन गोष्टीही शिक्षकाला माहीत हव्यात, कारण त्या 'हुशारी'च्या खात्यात चुकीने जमा होतात. व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध हातापायाच्या नसांना इजा करतं. पेन्सिल घट्ट धरता येत नाही, अक्षर विस्कटतं, बोटं लवकर दमतात. सिस्प्लॅटिन दिलेल्या काही मुलांचे कान उंच पट्टीचे आवाज टिपेनासे होतात. वर्गातल्या गोंगाटात 'स' आणि 'श' त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. श्रुतलेखनात असं मूल 'सात'च्या जागी 'आत' लिहील, आणि आपण शुद्धलेखनाचे गुण कापू.

मग उपाय काय? त्यासाठी गेल्या पंचवीसएक वर्षांत बरंच काम झालं आहे. त्याला बौद्धिक पुनर्वसन म्हणतात. पाय मोडल्यावर प्लास्टर काढलं की चालण्याचा व्यायाम करून घेतात ना, तसाच विचार. या क्षेत्रातलं मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या रॉबर्ट बटलर या मानसशास्त्रज्ञांचं काम. त्यांनी तीन ठिकाणांहून गोष्टी उचलल्या: डोक्याला मार लागलेल्या माणसांसाठीचे लक्ष टिकवण्याचे सराव, विशेष शिक्षणातल्या अभ्यासाच्या युक्त्या, आणि समुपदेशनातून आलेलं स्वतःशी बोलणं, म्हणजे 'मला जमत नाही'च्या जागी 'आता पुढची पायरी कोणती?' असं विचारायला शिकवणं. मूल आणि तज्ज्ञ समोरासमोर बसणार, दोन-दोन तासांच्या वीस बैठका, चार-पाच महिने. २००८ साली सात केंद्रांतल्या १६१ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या शालेय विषयांतल्या कामगिरीत सुधारणा दिसली, अभ्यासाच्या युक्त्या ती जास्त वापरू लागली, पालकांनाही लक्षात फरक जाणवला. पण स्मरणशक्ती आणि लक्ष मोजणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्यांत तसा ठळक फरक आला नाही.

हा निकाल वाचून काही जण निराश होतील. मला मात्र त्यात आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी, मोठी बातमी दिसते. मेंदूचा वेग फारसा वाढला नाही, तरी मूल शाळेत पुढे सरकलं. कसं? युक्त्यांनी. आणि युक्त्या शिकवणं हे काम कोणाचं? मानसशास्त्रज्ञ वीस बैठका घेईल, आपण वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस त्या मुलासमोर उभे असतो.

दुसरा मार्ग कॉम्प्युटरचा. वीस बैठकांसाठी लांबून येणं अनेक कुटुंबांना जमत नाही. नंदुरबारहून परळला येणाऱ्या आईला ते वेगळं सांगायला नको. म्हणून सेंट ज्यूडमध्ये हेदर कॉन्क्लिन यांच्या गटाने घरी बसून करायचा, २५ सत्रांचा, स्मरणाच्या खेळांचा कार्यक्रम ६८ मुलांवर तपासला. आठवड्यातून एकदा फोनवर मार्गदर्शन व्हायचं. २०१५ च्या त्या अभ्यासात मुलांची तात्पुरती स्मरणक्षमता आणि वेग वाढलेला दिसला. हे चांगलं आहे. पण अशा खेळांत वाढलेली क्षमता गणिताच्या वहीत आपोआप उतरते, याला पुरावा फारसा नाही. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती: 'ब्रेन पॉवर वाढवा', 'स्मरणशक्ती दुप्पट', 'मिड ब्रेन' अशा पाट्या लावून बसलेल्या क्लासांत पैसे घालू नका. उपचारांत आधीच घर रिकामं झालेलं असतं. वरचे अभ्यास डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते, आणि तिथेही कुणी चमत्काराचा दावा केला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. कॅनडात टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात, मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन घेतलेल्या मुलांकडून १२ आठवडे नियमित दमश्वासाचा व्यायाम करून घेतला. मुलांची संख्या लहान होती, पण मेंदूच्या तपासणीत चांगले बदल दिसले. आता आपल्या शाळांमध्ये बघा. खेळाचा तास आला की हेच मूल सगळ्यांची दप्तरं सांभाळत झाडाखाली बसलेलं असतं! डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्याला पळू द्या. लंगडी नाही जमली तर निदान मैदानाला चार फेऱ्या मारू द्या.

वर्गात काय करता येईल, ते आता सांगतो. यातलं काहीच महागडं नाही.

शाब्दिक उदाहरण घ्या. मुलाला एक कोरा कागद द्या आणि एका वेळी एकच ओळ उघडी ठेवायला शिकवा. ओळ वाचायची, थांबायचं, हळू आवाजात स्वतःला विचारायचं, "काय दिलंय? काय विचारलंय?" मग पुढची ओळ. सुरुवातीला आपण मोठ्याने करून दाखवायचं, मग दोघांनी मिळून, मग त्याने पुटपुटत, शेवटी मनातल्या मनात. उत्तर आल्यावर पुन्हा एकदा, "हे उत्तर शक्य आहे का?" गोविंदने १२ पेन्सिली वाटल्या आणि उरल्या ४७, असं उत्तर आलं तर त्याचं त्यालाच हसू यायला हवं. हे पंधरा दिवसांत येत नाही, एक सत्र जातं. पण आलं की ते कायमचं त्याच्या हाती राहतं.

हातच्याच्या वजाबाकीसाठी पायऱ्यांची चिठ्ठी बाकावर चिकटवून द्या. पाढे येत नसतील तर पाढ्यांचा तक्ता जवळ ठेवू द्या. काही सहकारी म्हणतात, "मग पाढे पाठ कधी होणार?" अहो, आपल्याला त्याच्याकडून भागाकार समजून घ्यायचा आहे. पाढा आठवण्यातच त्याची सगळी शक्ती संपली तर भागाकाराला उरणार काय? पाढ्यांचा सराव वेगळ्या वेळी घ्या की.

सूचना एका वेळी एकच. "वह्या काढा, पान नंबर बघा, तारीख घाला आणि प्रश्न दुसरा सोडवा" यातलं त्याच्याकडे फक्त "वह्या काढा" पोचतं. फळ्यावरचं लांबलचक उतरवायला लावू नका, शेजारच्या मुलीच्या वहीचा झेरॉक्स चालेल. वीस गणितांऐवजी आठ द्या, पण सोपी आठ नकोत, वर्गाला दिलेल्यांतलीच निवडून द्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. काम कमी करायचं ते संख्येने, पातळीने नाही. पातळी खाली आणली की 'पास करून टाकू'च्याच रस्त्याला लागलो आपण.

थकवा हाही खरा असतो. शेवटच्या तासाला हे मूल बाकावर डोकं टेकतं, ते नाटक नसतं. कठीण विषय सकाळी घेता आला तर बघा.

इथे एक प्रश्न हमखास येतो: याला परीक्षेत जास्त वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय नाही का? माझं उत्तर असं की आपण आधी ठरवावं, पेपर काय तपासायला काढला आहे. इतिहासाच्या पेपरात शिवाजी महाराजांचं स्वराज्याचं कार्य कळलं का हे बघायचं असेल, तर दोन तासांच्या ठिकाणी अडीच तास लागले म्हणून कळलेलं खोटं ठरत नाही. तोंडी विचारलं तरी चालेल. पहिली ते आठवीचं मूल्यमापन बऱ्याच अंशी शाळेच्याच हातात असतं. पण आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आल्या आहेत, त्यामुळे हा निर्णय ऐनवेळी नाही, जूनमध्येच घ्यायला हवा.

दहावीला मात्र कागद लागतो. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळण्याची वाट देशात लवकर, १९९६ च्या सुमारास, सुरू झाली, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत 'कॅन्सरच्या उपचारांनंतरची बौद्धिक अडचण' असा वेगळा प्रकार नाही. ज्या मुलाला वाचता येतं, लिहिता येतं, फक्त हळू, ते ठरावीक चौकटीत बसेलच असं नाही. माझ्या मते हा नियमांतला मोठा खड्डा आहे आणि मुख्याध्यापक संघांनी तो मांडायला हवा. तोवर पालकांनी निदान एवढं करावं, की मानसशास्त्रीय तपासणी दहावीच्या फॉर्मच्या वेळी नाही, तर आठवीतच करून घ्यावी.

तपासणी कुठे? जिथे उपचार झाले तिथेच आधी विचारा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी चालते. मुलं मोठी झाली तरी तिथे पाठपुराव्याला जातात. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बरं झालेल्या तरुण मुलामुलींचा गट आहे. आपल्यासारखाच त्रास दुसऱ्या कुणाला झाला आणि तो आज नोकरी करतोय, हे नववीतल्या मुलाने त्याच्याच तोंडून ऐकलं तर आपल्या दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोग होतो. पाठपुराव्याला जाताना गुणपत्रक आणि वर्गशिक्षकांची चार ओळींची चिठ्ठी बरोबर न्या. तब्येतीच्या चौकशीत 'शाळा कशी चाललीय?' याला 'बरी' एवढंच उत्तर दिलं जातं, आणि विषय तिथेच संपतो.

आता एक नाजूक गोष्ट. पुष्कळ पालक शाळेला आजार सांगतच नाहीत. गाव बदलतात, शाळा बदलतात. 'लागण होते' असं अजूनही लोक मानतात, त्याची भीती असते. कॅन्सर लागत नाही, हे परिपाठात एकदा ठणकावून सांगायचं काम आपलं आहे. मुलगी असेल तर आणखी एक भीती: "पुढे लग्न जमायचंय, सर, कुठे लिहू नका." ल्युकेमियाच्या अनेक अभ्यासांत मुलींना हा बौद्धिक त्रास मुलांपेक्षा जास्त झालेला दिसतो, आणि मदत मागायला त्यांचेच पालक सर्वांत जास्त कचरतात. ताई, दादा, तुमची भीती खोटी नाही. पण सगळ्या गावाला सांगायची गरजच नाही. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांना सांगा, आणि ते कुणाला सांगणार नाहीत असा शब्द घ्या. शिक्षकांनो, तो शब्द पाळा. वर्गासमोर "हिला कॅन्सर होता म्हणून हिला कमी गृहपाठ" असं म्हणायचं नाही. गृहपाठ वहीत खूण करून द्यायचा, झालं.

उपचार चालू असतानाच मूल शाळेत येत असेल, तर वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाल्याचं त्याच्या घरी त्याच दिवशी फोनने कळवा. दुसऱ्या दिवशी नाही. अशा मुलाच्या अंगात प्रतिकारशक्ती नसते, आणि लवकर कळलं तर डॉक्टरांना काही करता येतं.

आणि शेवटी चौथीच्या वर्गशिक्षकांसाठी. आपल्याकडे अनेक गावांत चौथीनंतर शाळा बदलते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल हायस्कूलला पाचवीत जातं, नेमकं ज्या वयात अंतर उघडं पडायला लागतं त्या वयात. दाखल्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून पालकांना विचारून एक पानाची चिठ्ठी लिहा आणि जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांच्या हातात स्वतः द्या. आजार कोणता, उपचार कधी संपले, ऐकू कसं येतं, हात किती वेळ चालतो, पाढ्यांचा तक्ता लागतो का, किती वाढीव वेळ दिला तर पेपर पूर्ण होतो, कोणती युक्ती त्याला जमली आणि कोणती नाही. खाली तुमचा फोन नंबर लिहा. ऑगस्टच्या पहिल्या चाचणीनंतर तो वाजेल.